घरच्या रेकॉर्डिंगसाठी परवडणारे सिम्बल कसे निवडावेत : बेळगाव सीमाभागातील नवोदित ड्रमवादकांसाठी

पहिल्यांदाच ड्रमसेट घेणारा वादक बहुतेक वेळा आपल्या पैशांचा मोठा वाटा ड्रमवर आणि उरलेला मायक्रोफोनवर खर्च करतो; सिम्बलच्या बाबतीत मात्र सेटबरोबर आलेल्या पातळ पितळी चकत्यांवर समाधान मानतो. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा मंगल कार्यालयात हे खपून जाते. घरी रेकॉर्डिंग करायचे ठरवले की खपत नाही, आणि त्याची कारणे नीट समजून घेतली तर पुढची सगळी खरेदी सोपी होते.

साध्या ड्रमचा आवाज सुधारण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) बदलता येते, सूर नीट लावता येतो, बेस ड्रममध्ये जुनी चादर घालता येते आणि अगदीच जमले नाही तर संगणकावर त्या ठोक्याच्या जागी तयार आवाज बसवता येतो. सिम्बलला सूर लावण्याची सोयच नसते. धातूत जो आवाज आहे तोच शेवटपर्यंत राहतो. शिवाय ड्रमसेटच्या वर टांगलेला ओव्हरहेड मायक्रोफोन फक्त सिम्बल ऐकत नाही, तो सगळा सेट ऐकतो. सिम्बलचा कर्कशपणा साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वात जास्त टोचतो, आणि तो कमी करण्यासाठी तिथे इक्वलायझर खाली ओढला की स्नेअरच्या (खाली तारा लावलेल्या, तीक्ष्ण आवाजाच्या ड्रमच्या) ठोक्याची धारही त्याबरोबर जाते. म्हणून माझा सल्ला असा, की ड्रम मध्यम प्रतीचे असले तरी चालतील, पण सिम्बलचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि त्या पैशांतही पहिला मान हाय-हॅटला, म्हणजे पायाच्या पेडलने उघडझाप होणाऱ्या दोन सिम्बलच्या जोडीला, द्यावा.

१. आधी खोली आणि मायक्रोफोन पाहा

बेळगाव शहरात, शहापुरात किंवा निपाणीत नव्याने बांधलेल्या घरांतील खोली बहुधा स्लॅबची, गुळगुळीत फरशीची आणि १० बाय १२ फुटांच्या आसपासची असते. अशा खोलीत वरच्या पट्टीचा आवाज भिंतींवर, फरशीवर आणि छतावर आपटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांत, माळा असेल तर, ही अडचण बरीच कमी होते. मात्र तिथे आवाज कौलांतून थेट शेजाऱ्यांकडे जातो, हा हिशेबही धरावा लागतो. खोली लहान आणि टणक असेल तर पातळ, कमी आवाजाचा, किंचित गडद आणि लवकर विरणारा सिम्बल हवा. मोठ्या रंगमंचासाठी बनवलेला जाड, झगझगीत सिम्बल कितीही महागाचा असला तरी या खोलीत कानठळ्या बसवतो.

सिम्बल घेण्यापूर्वी भिंतीला दोन घोंगड्या टांगा, एका कोपऱ्यात गादी उभी करा आणि ड्रमसेटखाली जाड सतरंजी घाला. यात फारसा खर्च होत नाही, आणि नंतर ऐकू येणारा दोष खोलीचा आहे की सिम्बलचा, हे तरी कळते.

मायक्रोफोन किती आहेत यावरही निवड अवलंबून असते. ऑडिओ इंटरफेसला (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्राला) दोनच इनपुट असतील तर एक कंडेन्सर मायक्रोफोन ओव्हरहेड म्हणून आणि एक डायनॅमिक मायक्रोफोन बेस ड्रमसाठी, एवढीच मांडणी शक्य असते. (कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, तो इंटरफेसवर आहे ना, हे पाहून घ्या.) अशा मांडणीत हाय-हॅट मोठी झाली म्हणून ती नंतर वेगळी कमी करता येत नाही, कारण तिचा स्वतंत्र ट्रॅकच नसतो. म्हणजे मायक्रोफोन जितके कमी, तितका सिम्बलचा मुळातला समतोल महत्त्वाचा ठरतो.

शेजाऱ्यांच्या तक्रारीवर उपाय म्हणून बारीक भोके पाडलेले कमी आवाजाचे सिम्बल मिळतात. सरावासाठी ते उत्तम आहेत, पण रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज नेहमीच्या सिम्बलसारखा भरीव येत नाही. दुसरा संच म्हणून घ्यायला हरकत नाही. पहिला आणि एकमेव संच म्हणून घेऊ नका.

२. धातू ओळखायला शिका

भजनात टाळ धरलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. काशाचा टाळ एकदा वाजवला की लांबवर झणकारत राहतो, आणि पितळेचा टाळ थोडे बोलून गप्प होतो. सिम्बलचेही गणित जवळजवळ तेच आहे.

स्वस्त सिम्बल पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचे असतात. त्यातील प्रचलित मिश्रणात ६३ टक्के तांबे आणि ३७ टक्के जस्त असते. त्यांचा आवाज पत्र्यासारखा, लवकर थांबणारा आणि एकसुरी असतो. त्याच्या वरची पायरी बी-८ ची : ९२ टक्के तांबे आणि ८ टक्के कथील. हे मिश्रण पत्र्याच्या रूपात लाटून त्यातून चकत्या कापता येतात, त्यामुळे उत्पादन स्वस्त पडते आणि एका सिम्बलचा आवाज दुसऱ्याशी बऱ्यापैकी जुळतो. आवाज स्वच्छ, चकचकीत आणि थेट असतो. रॉकमध्ये तो खुलतो, पण लहान खोलीत बोचू शकतो. सर्वात वर बी-२० येते : ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील. आपल्याकडच्या काशाच्या हे अगदी जवळचे मिश्रण आहे. ते ठिसूळ असल्यामुळे बहुधा वेगवेगळे ओतून, तापवून लाटावे लागते आणि मग ठोकून आकाराला आणावे लागते, म्हणून ते महाग पडते. त्यात सुरांचे थर अधिक असतात आणि हलक्या ठोक्यालाही ते उत्तर देते. बी-१० आणि बी-१२ ही मधली मिश्रणेही मिळतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बी-८ म्हणजे हलका माल आणि बी-२० म्हणजे उत्तम माल, असे सरळ समीकरण नाही. पाइस्टे कंपनीची १९७१ मध्ये आलेली ‘२००२’ ही मालिका बी-८ चीच आहे आणि ती व्यावसायिक वादक आजही वापरतात. घडण, जाडी आणि ठोकणीची पद्धत यांचाही आवाजात मोठा वाटा असतो. तरीही पहिल्या खरेदीपुरता मी एक साधा नियम पाळायला सांगेन : पितळ टाळा, चांगले बी-८ स्वीकारा, आणि जुना बी-२० निर्दोष अवस्थेत मिळाला तर तो आधी उचला.

३. कंपनीच्या नावापेक्षा मालिकेचे नाव वाचा

झिल्जियन घराण्याचा सिम्बलचा व्यवसाय १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुरू झाला, आणि त्याच घराण्यातील फुटीनंतर रॉबर्ट झिल्जियन यांनी १९८१ मध्ये कॅनडात सेबियन ही कंपनी काढली. नावे मोठी आहेत, पण यातील प्रत्येक कंपनी पितळेपासून बी-२० पर्यंत सगळ्या प्रतींचा माल बनवते. झिल्जियनची प्लॅनेट झेड पितळेची, आय मालिका बी-८ ची, एस मालिका बी-१२ ची आणि ए मालिका बी-२० ची. सेबियनची एसबीआर पितळेची, बी-८-एक्स नावाप्रमाणे बी-८ ची, एक्सएसआर बी-२० ची. पाइस्टेची पीएसटी-३ पितळेची, तर पीएसटी-७ बी-८ ची. जर्मनीच्या माइनलची साधी एचसीएस पितळेची, एचसीएस ब्राँझ बी-८ ची आणि बायझान्स बी-२० ची. चीनमधील वुहानचे बी-२० सिम्बलही तुलनेने स्वस्त असतात, पण त्यांत एकाच नावाच्या दोन सिम्बलचा आवाज वेगळा निघू शकतो, म्हणून ते ऐकल्याशिवाय घेऊ नयेत.

दुकानदाराने ‘हा झिल्जियन आहे’ असे सांगितले, तर ‘कोणत्या मालिकेचा?’ हा प्रश्न लगेच विचारा. मोठ्या कंपनीच्या पितळी मालिकेपेक्षा तुलनेने कमी नावाजलेल्या कंपनीचा बी-२० रेकॉर्डिंगमध्ये बहुधा सरस ठरतो.

बँड पथकाच्या, हाताला पट्टा लावून वाजवायच्या झांजा स्टँडवर चढवण्याचा मोह आपल्या भागात अनेकांना होतो, कारण त्या घरात किंवा मंडळात पडून असतात. त्या एकमेकींवर आपटण्यासाठी बनवलेल्या असतात. काठीच्या ठोक्याला त्या नीट उघडत नाहीत. विशेष परिणाम म्हणून एखाद्या गाण्यात वापरा, मुख्य सिम्बल म्हणून नको.

४. खरेदीचा क्रम : हाय-हॅट, मग राइड, मग क्रॅश

गाण्यात हाय-हॅट जवळजवळ सतत वाजत असते. क्रॅश, म्हणजे एखादी जागा ठसवण्यासाठी वाजवायचा सिम्बल, काही मात्रांनंतर एकदा येतो आणि श्रोता त्याला क्षमा करतो. हाय-हॅटला तशी सवलत मिळत नाही. शिवाय ती स्नेअरच्या शेजारी असल्यामुळे स्नेअरच्या मायक्रोफोनमध्येही घुसते. म्हणून सिम्बलसाठी ठेवलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम हाय-हॅटवर गेली तरी ती योग्य ठिकाणी गेली असे समजावे.

१४ इंचांची जोडी ही सर्वसाधारण निवड. जोडीतील खालचा सिम्बल बहुधा वरच्यापेक्षा जड असतो. बी-२० च्या मध्यम जोडीत वरचा ९०० ते १००० ग्रॅम आणि खालचा ११०० ते १३०० ग्रॅमच्या आसपास असतो. जोडी ऐकताना तीन गोष्टी करा. काठी बाजूला ठेवून फक्त पायाने पेडल दाबा आणि ‘चिक्’ असा आवाज स्पष्ट, ठाम येतो का ते ऐका. तो दबका येत असेल तर दोन्ही सिम्बलमध्ये हवा अडकत असण्याची शक्यता आहे; स्टँडवरील खालच्या बैठकीचा स्क्रू फिरवून खालचा सिम्बल किंचित तिरका करा आणि पुन्हा ऐका. एवढ्याने आवाज सुटला तर जोडीत दोष नाही. मग जोडी पूर्ण बंद ठेवून काठीच्या टोकाने हळू वाजवा : प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला पाहिजे. शेवटी जोडी अर्धी उघडून वाजवा. स्वस्त जोड्या येथेच उघड्या पडतात, कारण अर्ध्या उघड्या अवस्थेत त्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा फुटतो.

राइडसाठी, म्हणजे ज्यावर काठीने सलग ताल धरतात त्या मोठ्या सिम्बलसाठी, २० इंच हा आकार पुरेसा आहे. त्यात काठीच्या टोकाचा टणत्कार आणि मागे पसरणारा घोष यांचा समतोल शोधायचा असतो. पाच-सात मिनिटे सलग वाजवल्यावर घोष इतका साठत असेल की टणत्कार बुडून जातो, तर तो राइड घरच्या रेकॉर्डिंगला त्रास देणार. बी-२० चा हलका राइड १८०० ते २००० ग्रॅम, मध्यम २१०० ते २४०० ग्रॅम भरतो. २६०० ग्रॅमच्या पुढचा लहान खोलीत टाळलेला बरा.

पैसे कमी असतील तर १८ इंचांचा क्रॅश-राइड घेऊन दोन्ही कामे एकावर भागवता येतात. ही तडजोड आहे, पण पितळी राइड आणि पितळी क्रॅश असे दोन घेण्यापेक्षा एक चांगला क्रॅश-राइड मला केव्हाही पसंत. स्वतंत्र क्रॅश घ्याल तेव्हा १६ इंचांचा पातळ, म्हणजे साधारण ९०० ते १०५० ग्रॅमचा घ्या. पातळ क्रॅश हलक्या ठोक्याला उघडतो. जाड क्रॅश उघडण्यासाठी जोरात मारावे लागते आणि मग मायक्रोफोनमध्ये क्रॅशशिवाय दुसरे काही उरत नाही. स्प्लॅश, चायना वगैरे पुढे पाहता येतील.

५. कुठे शोधावे

बेळगावातील वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, गिटार, ढोलकी यांचा साठा बरा असतो. सिम्बलमध्ये मात्र बहुधा प्रवेशस्तरावरचे संच मिळतात आणि वरच्या प्रतीचा माल मागवून द्यावा लागतो. मागवण्याआधी ‘ऐकून नापसंत पडल्यास परत घ्याल का?’ हे स्पष्ट विचारून घ्या. हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही साधारण १०० ते ११० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे एक दिवस काढून जाऊन ऐकणे शक्य असते. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे पाश्चात्त्य संगीताची जुनी परंपरा असल्यामुळे वापरलेले बी-२० सिम्बल विक्रीला येण्याची शक्यता जास्त. बेळगावातही कॅम्प भागातील चर्चमध्ये वाजवणाऱ्या किंवा ऑर्केस्ट्रात काम केलेल्या एखाद्या काकांना विचारून पाहा. अशा ज्येष्ठ वादकांकडे वापरात नसलेला सिम्बल असतो, आणि तो कसा वाजवला गेला आहे हेही ते प्रामाणिकपणे सांगतात. सिम्बल विकत मिळाला नाही तरी त्यांच्या सेटवर अर्धा तास बसायला मिळाले, तर चांगला बी-२० कसा बोलतो हे कानाला कळते, आणि ते कळल्याशिवाय दुकानात जाण्यात अर्थ नाही.

६. सोबत न्यायची साधने

स्वतःच्या काठ्या (दुकानातील जाड काठीने केलेली परीक्षा निरुपयोगी), बंद कपांचे हेडफोन, लहान रेकॉर्डर किंवा लॅपटॉपसह इंटरफेस, टॉर्च, मोजपट्टी आणि एक छोटे लोहचुंबक. पितळ आणि ब्राँझ दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. चुंबक चिकटले तर ती मुलामा दिलेली लोखंडी चकती आहे, पुढे काही तपासण्याची गरज नाही. वजनासाठी स्वयंपाकघरातील डिजिटल काटा चालतो, आणि तो नसेल तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विनंती करा.

७. वापरलेला सिम्बल तपासण्याची पद्धत

ही पायरी घाईने उरकू नका, कारण कमी पैशांत चांगला आवाज मिळवण्याचा खरा मार्ग वापरलेल्या मालातूनच जातो आणि फसवणूकही तिथेच होते.

सिम्बल स्टँडवरून काढून हातात घ्या. टॉर्चचा प्रकाश तिरका पाडून कडेवरून नख हळूहळू फिरवा. नख अडकले तर तिथे बारीक टवका किंवा भेग आहे. लहान टवका आज आवाज बिघडवत नसला तरी भेग बहुधा तिथूनच सुरू होते. मग मधले भोक पाहा. ते गोल राहिले आहे की एका बाजूला कुलपाच्या छिद्रासारखे लांबट झिजले आहे? तशी झीज म्हणजे हा सिम्बल प्लॅस्टिकच्या नळीशिवाय, धातूवर धातू घासत वाजवला गेला आहे. थोडी झीज चालते, पण तिच्या टोकापासून भेग निघालेली असेल तर व्यवहार सोडून द्या. त्यानंतर पृष्ठभागावरील गोल खाचांत पाहा. खाचेच्या दिशेने गेलेली भेग डोळ्याला खाचेसारखीच दिसते. दोन्ही हातांनी सिम्बल अगदी हलका वाकवला की ती उघडते. शेवटी सिम्बल सपाट टेबलावर पालथा ठेवा : कड सगळीकडे टेकली नाही तर तो वाकलेला आहे.

आता तो बोटावर टांगून काठीने हळू ठोका आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. मधेच खरखर किंवा चरचर ऐकू आली तर डोळ्याला न दिसलेली भेग कुठेतरी आहे.

‘भेग काय, वेल्डिंग करून घेऊ’ असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातील धातूचा ताण आणि घडण बिघडते, आवाज मरतो आणि सांध्याशेजारी नवी भेग पडते. काळवंडलेला रंग, हिरवट डाग, पुसट झालेले बोधचिन्ह यांची मात्र चिंता नको. त्यांचा आवाजावर परिणाम किरकोळ असतो आणि किंमत कमी करून घ्यायला ते उपयोगी पडतात.

८. ऐकावे मायक्रोफोनच्या कानाने

ड्रमवर बसून ऐकलेला आवाज आणि मायक्रोफोनने टिपलेला आवाज यांत फरक असतो. म्हणून दुकानदाराला किंवा सोबतच्या मित्राला वाजवायला सांगा, मायक्रोफोन सिम्बलपासून सुमारे ८० सेंटिमीटर, म्हणजे दोन काठ्यांच्या लांबीइतका वर धरा आणि हेडफोनमधून ऐका. आधी हळू, मग मध्यम. जोरात वाजवून केलेल्या परीक्षेवर विसंबू नका, कारण जोरात प्रत्येक सिम्बल प्रभावी वाटतो. जुना किंवा ऑनलाइन माल असेल तर विक्रेता मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो, परंतु मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो आणि कर्कश सिम्बलही त्यात मऊ भासतो. अशा ध्वनिफितीवरून फक्त भेगेची खरखर नाही ना, एवढेच ठरवावे.

९. कागदपत्रे

- जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, त्यावर मालिकेचे नाव आणि आकार लिहिलेला असावा. ‘सिम्बल, १ नग’ एवढेच लिहिलेले बिल हमीसाठी निरुपयोगी ठरू शकते.
- हमीपत्र. मुदत कंपनीनुसार बहुधा एक ते दोन वर्षे असते. कडेवरचा आघात आणि भोकाची झीज साधारणपणे हमीत बसत नाही.
- हमीचा दावा दुकानामार्फत करायचा की आयातदाराकडे, याचे लेखी उत्तर. कोल्हापुरात किंवा गोव्यात घेतलेला माल बदलण्यासाठी पुन्हा तिकडे जावे लागणार का, हे आधीच कळलेले बरे.
- वापरलेला माल असेल तर विक्रेत्याच्या सहीची साधी पावती आणि त्याच दिवशी काढलेली दोन्ही बाजूंची छायाचित्रे.
- ऑनलाइन मागवल्यास खोके उघडतानाचे अखंड चित्रीकरण.

१०. बसवणे आणि सांभाळणे

स्टँडवर प्लॅस्टिकची नळी, खाली-वर फेल्ट आणि त्यावर विंगनट, हा क्रम चुकवू नका. विंगनट ६ आणि ८ मिलिमीटर अशा दोन मापांत येतात, म्हणून जुना नट सोबत नेऊनच नवा घ्या. नट घट्ट आवळल्यास सिम्बल मोकळा हलत नाही, ठोक्याचा सगळा ताण धातूवर येतो आणि भेग पडते. राइड आणि क्रॅश थोडे उंच ठेवले की टॉमच्या (सेटमधील सिम्बलखालच्या ड्रमच्या) मायक्रोफोनमध्ये त्यांची गळती कमी होते. काठी ७-ए सारखी हलकी घ्या आणि कडेवर सरळ आडवी न मारता मनगटाने तिरका, निसटता ठोका द्या. ड्रम ठाम आणि सिम्बल हलके वाजवण्याची सवय लागली की मिक्सिंगचे निम्मे काम खोलीतच होते.

परत करण्याची मुदत असेल तर ती संपण्यापूर्वी घरच्या खोलीत, घरच्याच मायक्रोफोनवर एक संपूर्ण गाणे रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका.

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने उजळण्याची आपली रीत सिम्बलला लावू नका. आम्लाने बोधचिन्ह पुसले जाते आणि संरक्षक लेप असेल तर तोही निघतो. वाजवून झाल्यावर बोटांचे ठसे कोरड्या सुती कापडाने पुसावेत. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, तेव्हा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीऐवजी जाड कापडी पिशवी वापरा, दोन सिम्बलमध्ये कापड घाला, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पिशवी भिंतीला कडेवर उभी न करता पलंगाखाली आडवी ठेवा.